पिकअप चढाला दम टाकते, सकाळी लवकर उठत नाही: डिझेल फिल्टर बदलण्याआधी काय बघायचं आणि बदलायचा कसा

आधी लक्षणं, कारण सगळा उलगडा तिथूनच होतो.

रिकामी गाडी झकास पळते, पण माल भरून चढाला लागली की दम टाकते. पॅडल तळाला टेकवलं तरी आरपीएम एका जागी अडून बसतो. सपाटीला आली की परत ठीक. हे सगळ्यांत जास्त दिसणारं लक्षण.

दुसरं, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या सेल्फला उठत नाही. सात-आठ सेकंद सेल्फ फिरतो, इंजिन एकदा धरतं, सोडतं, मग थरथरत चालू होतं. दिवसभर मात्र चावी फिरवली की लगेच स्टार्ट.

तिसरं, चालत्या गाडीला बारीक हिसके, जणू कोणी डिझेलची तोटी बंद-चालू करतंय.

चौथं, अर्धा-पाऊण तास नीट चालून गाडी बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने बंद पडते.

पाचवं, मीटरवर फिल्टरचं चित्र आणि खाली थेंब असा दिवा लागतो. किंवा इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर पी००८७ दाखवतो, म्हणजे रेलमधलं (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं) डिझेलचं प्रेशर कमी.

या पाचही तक्रारींना एकच उत्तर मिळतं: फिल्टर बदला. मी गेली कित्येक वर्षं डिझेल पिकअपवर हेच काम करत आलोय आणि फिल्टर बदलून गाडी खरंच सुधारते, हेही पुष्कळदा पाहिलंय. पण तो फिल्टर महिन्याभरात परत चोक झाला, तर चूक फिल्टरची नसते. फिल्टरपर्यंत तीनच गोष्टी त्रास घेऊन येतात: कचरा, पाणी आणि हवा. कचरा असेल तर भरलेली गाडी ओढत नाही. हवा असेल तर सकाळी उठत नाही आणि हिसके देते. पाणी असेल तर दिवा लागतो, इंजिन अडखळतं, आणि पुढे जाऊन पंप-इंजेक्टर गंजतात. यातलं काय आहे ते ओळखल्याशिवाय पान्हा हातात घेऊ नका.

एक गोष्ट इथेच सांगतो. हे सगळं डिझेल गाडीबद्दल आहे. पेट्रोल गाडीत फिल्टरच्या लाइनमध्ये बहुतेक वेळा तीन-चार बारचं प्रेशर असतं. पाइप सोडला की पेट्रोलचा फवारा उडतो आणि त्याची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते. ते काम या पद्धतीने करायचं नाही.

भरल्यावरच दम का जातो

इंजिन नुसतं आयडलला असताना त्याला तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल पुरतं. भरलेली गाडी चढाला लागली की तेच पंधरा-वीस पट लागतं. अर्धा बुजलेला फिल्टर पहिली मागणी आरामात भागवतो, दुसरी भागवू शकत नाही. म्हणून उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर मारून "इंजिन तर मस्त आहे" असं ठरवण्यात अर्थ नाही.

ज्या पिकअपला फिल्टरपाशी हातपंप असतो, तिथे बहुधा टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो. पुढचा पंप डिझेल ओढून घेतो. ओढून घेतो म्हणजे पाइपमध्ये पोकळी करतो आणि बाहेरची हवा टाकीतल्या डिझेलला ढकलते. ही ढकल जास्तीत जास्त एका बारची. तेवढ्यात टाकीची जाळी, लांबचा पाइप, फिल्टर सगळं पार करायचं. त्यामुळे वाटेतला थोडासा अडथळाही जाणवतो, आणि एखादा जॉइंट ढिला असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली एक थेंब दिसत नाही आणि गाडी मात्र हवा धरते. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढे तो दोन-तीनदा कामाला येणार आहे.

फुकटच्या तपासण्या

पहिली, टाकीचं झाकण. गाडी दम टाकायला लागली की सुरक्षित जागी थांबा आणि झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी नीट ओढायला लागली, तर टाकीचा श्वास कोंडलाय. डिझेल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. झाकणातलं किंवा टाकीवरचं छिद्र मातीने बुजलं की टाकीतच पोकळी तयार होते आणि ओढणारा पंप हरतो. झाकण साफ करा, नाहीतर नवीन घ्या. त्याच वेळी झाकणाची रबरी रिंग बघा. तिला चिरा पडल्या असतील तर गाडी धुताना पाणी तिथूनच टाकीत उतरतंय.

दुसरी, एअर फिल्टर. तो धुळीने भरला तरी गाडी भरल्यावरच ओढत नाही, पण तेव्हा धूर काळा पडण्याकडे कल असतो, कारण डिझेल पुरतं आणि हवा पुरत नाही. डिझेलच पुरत नसेल तर धूर सहसा वाढत नाही, गाडी फक्त मरगळते. टर्बोचा मोठा रबरी पाइप फाटला किंवा क्लॅम्पमधून निसटला तरीही गाडी ओढत नाही, पण भरल्यावर फुसफुसणारा आवाज येतो. बोनेट उघडून या दोन गोष्टी बघायला पाच मिनिटं लागतात.

तिसरी, बॅटरी. सकाळी सेल्फ मंद फिरत असेल तर डिझेलच्या नादी लागू नका. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच रेलमधून डिझेल मिळतं अशा इंजिनात, पंप पुरेशा वेगाने फिरून रेलमध्ये ठरावीक प्रेशर तयार झाल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. बॅटरी अर्धमेली असली की ते प्रेशर होत नाही आणि लक्षण अगदी हवा धरल्यासारखं दिसतं.

चौथी तपासणी मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिला हाताशिवाय काहीच लागत नाही. संध्याकाळी गाडी बंद केल्यावर हातपंप कडक होईपर्यंत दाबा. काही गाड्यांत तो लाइनमध्ये रबरी फुग्यासारखा असतो, काहींत फिल्टरच्या डोक्यावर बटणासारखा. सकाळी स्टार्ट करण्याआधी तोच परत दाबून बघा. रात्री कडक असलेला पंप सकाळी पोकळ लागत असेल, दहा-वीस दाब दिल्यावर परत कडक होत असेल आणि मग गाडी पहिल्या सेल्फला उठत असेल, तर निदान झालं: रात्रभरात कुठूनतरी हवा शिरतेय आणि लाइनमधलं डिझेल उतरून टाकीत परत जातंय. अशा गाडीला नवीन फिल्टरने फायदा होईलच असं नाही. जुन्या फिल्टरचा रबर हीच गळती असेल तरच होईल.

याच्याच जोडीची एक तपासणी. एक रात्र गाडीचं तोंड उताराकडे करून लावा, दुसऱ्या रात्री चढाकडे. उताराकडे तोंड असताना टाकी इंजिनपेक्षा वर राहते, डिझेल मागे उतरत नाही, गाडी लगेच स्टार्ट होते. चढाकडे तोंड केलं की त्रास देते. हा फरक स्पष्ट दिसला की पंप, इंजेक्टर, नोझल यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. चाकांना दगड किंवा ठोकळे लावायला विसरू नका.

बरणीतली तपासणी

आता पाणी. फिल्टरच्या बुडाशी ड्रेन स्क्रू असतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला बसतं. गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना, स्टार्ट करण्याआधी, खाली स्वच्छ काचेची बरणी धरून स्क्रू सैल करा. काही फिल्टरमधून काहीच येत नाही. ते स्वाभाविक आहे. स्ट्रॉमधून सरबत वर ओढून तोंडावर बोट धरलं की ते खाली पडत नाही, तसंच. वरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल केला की धार सुरू होते. मात्र आता लाइनमध्ये हवा शिरली, म्हणून नंतर हातपंपाने ती काढावीच लागेल.

अर्धा ग्लास डिझेल काढा आणि बरणी वीस मिनिटं हलवू नका. मग ती उजेडासमोर धरा.

चांगलं डिझेल आरपार दिसतं, बरणीच्या मागे धरलेलं छापील अक्षर वाचता येतं. तळाला वेगळा थर असेल आणि बरणी तिरकी केल्यावर तो जाड गोळ्यासारखा घरंगळत असेल, तर ते पाणी. शंका असेल तर पाण्यात विरघळणारा रंग किंवा शाई एक थेंब टाका. डिझेलमधून तो मण्यासारखा तसाच खाली जातो आणि पाण्यात पोचल्यावर पसरतो. सगळंच डिझेल दुधाळ, गढूळ असेल तर पाणी बारीक कणांनी मिसळलंय. तपकिरी दाणे म्हणजे टाकीतला किंवा साठवणीच्या ड्रममधला गंज. काळपट, बोटाला बुळबुळीत लागणारा चिखल म्हणजे जिवाणू-बुरशी. ती डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या थरात वाढते, म्हणून पाणी काढल्याशिवाय ती जात नाही. आणि चमकणारे कण दिसले तर बरणी बाजूला ठेवा, गाडी स्टार्ट करू नका आणि थेट शेवटच्या भागाकडे या.

पाण्याचा दिवा लागणाऱ्या गाडीत फिल्टरच्या बुडाशी सेन्सर असतो. त्याला दोन टोकं असतात. पाण्यातून वीज जाते, डिझेलमधून जवळपास नाही, एवढ्यावर तो चालतो. पाणी काढूनही दिवा जात नसेल तर सेन्सरचं कनेक्टर ओलं किंवा गंजलेलं आहे का ते बघा. एकदा पाणी निघालं की चिंता नको, पण दर आठवड्याला निघत असेल तर पाणी येतं कुठून ते शोधावं लागेल. झाकणाची रिंग हा पहिला संशयित. दुसरा, अर्धे रिकामे राहणारे ड्रम आणि टाक्या, कारण रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतलं बाष्प भिंतींवर जमून खाली उतरतं.

एका पिकअपचा फिल्टर दोन महिन्यांत तीनदा बदलला होता. चौथ्यांदा गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी जुना फिल्टर पाइप कापायच्या कटरने गोल कापला. ग्राइंडर कधीच लावू नका: ठिणग्या उडतात आणि ग्राइंडरचाच चुरा आत पडून खोटं निदान होतं. आतला कागद उलगडून पांढऱ्या कपड्यावर पसरला. घड्यांच्या मधोमध जाम लावावा तसा तपकिरी चिकट थर होता, बोटाने ओढला तर तार येत होती. बाहेरच्या कडेला मात्र कागद जवळपास कोरा. म्हणजे कचरा थोडाथोडा नव्हे, एकाच वेळी लोंढ्याने येत होता. टाकीत तळाला पाणी, त्यावर तो थर, आणि टाकी पाव भरली की गाडी हलताना तोच उचलला जायचा. टाकी उतरवून धुतली, झाकण बदललं, एक फिल्टर घातला. त्या गाडीची पुन्हा तक्रार आली नाही.

फिल्टर बदलणं

बदलण्याची वेळ आलीच असेल, म्हणजे गाडीच्या पुस्तकात दिलेले किलोमीटर उलटलेत किंवा बरणीने कौल दिलाय, तर काम अवघड नाही. अवघड आहे ती स्वच्छता. कॉमन रेल इंजेक्टरच्या आतली मोकळीक काही मायक्रॉनची असते आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. डोळ्याला न दिसणारा कण तिथे रेतीसारखा घासतो. म्हणून वाऱ्याधुळीत हे काम करू नका, आणि एकही पाइप सोडण्याआधी फिल्टरच्या भोवतालचा सगळा चिखल ब्रशने काढून पुसून घ्या.

इंजिन थंड हवं. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. फिल्टर चासीच्या बाजूला खाली असेल आणि गाडी उचलावी लागत असेल तर जॅकवर विसंबून खाली शिरू नका, स्टँड लावा. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्याला चष्मा. खाली पसरट भांडं ठेवा. गाडीखाली रबरी पाइप, इंजिनचे माउंटिंग असतात. त्यांवर डिझेल सांडू देऊ नका, त्याने रबर फुगून मऊ पडतं. सांडलंच तर लगेच पुसा.

पाइप सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठला पाइप टाकीकडून येतो आणि कुठला पंपाकडे जातो हे उलटलं तर फिल्टर उलट्या दिशेने चालतो. बहुतेक फिल्टरच्या डोक्यावर बाण असतो. तो फोटोत आला पाहिजे.

आधी ड्रेनमधून फिल्टर रिकामा करा, सेन्सरची वायर काढा, मग पाइप. झटपट निघणारे प्लॅस्टिकचे जोड असतील तर दोन्ही बाजूंची खाच दाबून सरळ ओढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. कान तुटला की तो जोड पुढे हवा घेतो. बॅन्जो बोल्ट (ज्यातून डिझेल जातं असे पोकळ बोल्ट) असतील तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवीन घाला. जुना वॉशर एकदा दाबला गेलेला असतो, तो परत तशीच बैठक देत नाही. सुटे पाइप स्वच्छ प्लॅस्टिकने झाका.

फिल्टर पान्ह्याने सैल करून हाताने काढा. आता फिल्टर जिथे बसतो त्या डोक्यावर बोट फिरवा. बोट फिरवाच, नुसतं बघू नका. जुन्या फिल्टरचा रबर तिथे चिकटून राहतो, काळ्यावर काळा असल्याने दिसत नाही, आणि नवीन फिल्टर त्यावर बसतो. दोन रबर एकावर एक. गाडी चालू होते, सुरुवातीला काही कळत नाही, आणि मग हवा धरायला लागते. फिल्टर बदलल्यापासून सकाळी उठत नाही अशी गाडी आली की मी सगळ्यांत आधी हेच बघतो.

नवीन रबरला स्वच्छ डिझेलचं बोट लावा. कोरडा रबर फिरताना मुरडतो. फिरवून बसणारा फिल्टर असेल तर रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग अर्धा ते पाऊण फेरा, किंवा फिल्टरवर छापलं असेल तेवढा. पान्ह्याने आवळू नका. कागदी गाभा बदलायचा प्रकार असेल तर झाकणाची ओ-रिंग तिच्याच खाचेत बसली का ते बघा आणि झाकणावर छापलेला टॉर्क (किती जोराने आवळायचं ते) पाळा. सेन्सर आणि ड्रेन स्क्रू जुन्या फिल्टरवरून काढून लावायचे असतील तर त्यांच्या छोट्या रिंगाही नवीन हव्यात. लोक मोठा रबर बदलतात आणि या विसरतात, हवा तिथून शिरते.

आता वादाचा मुद्दा. नवीन फिल्टर आधीच डिझेलने भरून बसवायचा का? हवा काढायला सोपं जावं म्हणून पुष्कळ जण भरतात. माझं मत ठाम आहे: कॉमन रेल गाडीत भरू नका. मधल्या मोठ्या भोकातून ओतलेलं डिझेल कागदातून न गाळता सरळ पंपाकडे जातं, आणि कॅनमधलं डिझेल कितीही स्वच्छ दिसलं तरी ते गाळलेलं नसतं. गाडीच्या पुस्तकात भरायला सांगितलंच असेल तर मधलं भोक बंद करून फक्त कडेच्या बारीक भोकांतून ओता. नाहीतर कोरडा बसवा आणि हातपंपावर दोन मिनिटं जास्त घाला.

हवा काढणं, जिथे काम बिघडतं

वरचा हवेचा स्क्रू एक फेरा सैल करा, त्याभोवती कपडा धरा. हातपंप दाबत राहा. आधी नुसती हवा, मग फेस, मग बुडबुडे मिसळलेलं डिझेल, आणि शेवटी सलग स्वच्छ धार. धार चालू असतानाच, पंप दाबलेला ठेवून, स्क्रू आवळा. मग पंप कडक होईपर्यंत दाबा. काही गाड्यांत पन्नासच्या वर दाब लागतात. शंभर झाले तरी पंप कडक होत नसेल तर दाबत बसू नका, कुठलातरी जोड हवा घेतोय. टाकीत डिझेल अगदी तळाला असेल तरी असं होतं, म्हणून हे काम अर्ध्याहून जास्त भरलेल्या टाकीवर करा.

हातपंप नसलेल्या गाडीत टाकीतला इलेक्ट्रिक पंप हेच काम करतो. चावी इग्निशनला आणून थांबा, स्टार्ट करू नका. पंपाचा आवाज थांबला की चावी बंद. असं चार-पाच वेळा.

त्यानंतर स्टार्ट करा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये निदान एक मिनिट थांबा. सेल्फ तापतो हे एक कारण. मोठं कारण दुसरं आहे: हाय प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे त्यातून जाणारं डिझेलच. हवेवर कोरडा फिरला की तो आतून घासतो. तीन प्रयत्नांत गाडी उठली नाही तर परत हातपंपाकडे जा. ढकलून किंवा ओढून स्टार्ट करायचा प्रयत्नही त्याच कारणासाठी नको. आणि हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. डिझेलला ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर असतो, स्प्रे तिथेच भडकू शकतो.

चालू झाल्यावर पाच मिनिटं आयडलला ठेवा, रेस करू नका. थोडी अडखळेल, मग बसेल. इंजिन बंद करून प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपाची तीच चाचणी पुन्हा करा. पंप कडक राहिला असेल तर काम पक्कं.

फिल्टर बदलूनही तेच

पंप सकाळी पोकळच असेल तर हवा शोधायची. फिल्टर आणि पंपाच्या मधे डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा बसवा आणि इंजिन आयडलला चालू ठेवून बघा. ही फक्त ओढणारी, कमी प्रेशरची लाइन आहे याची खात्री करूनच हे करा. सुरुवातीचे एखाद-दोन बुडबुडे सोडून द्या. माळेसारखे सलग येत असतील तर हवा त्याच्या मागून, म्हणजे फिल्टर किंवा टाकीच्या बाजूने येतेय. मग तोच तुकडा फिल्टरच्या आधी लावा. तिथे बुडबुडे नाहीत तर दोष फिल्टरच्या डोक्यातच. तिथेही आहेत तर टाकीकडच्या पाइपात: क्लॅम्पखाली तडकलेला रबर, चासीला घासून गेलेला पाइप. तपासून झालं की तुकडा काढून मूळ पाइप लावा, तो कायम ठेवायचा नाही.

अर्ध्या तासाने बंद पडून दहा मिनिटांनी चालू होणारी गाडी मात्र टाकीकडे बोट दाखवते. टाकीत एखादा प्लॅस्टिकचा तुकडा किंवा कपड्याचा धागा तरंगत असतो. डिझेल ओढलं जात असताना तो हळूहळू ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर जाऊन बसतो. इंजिन बंद झालं की ओढ संपते, तुकडा सुटतो, गाडी परत चालू. एका गाडीत मला डब्याच्या झाकणाखालचं गोल चंदेरी सील सापडलं होतं, बरोबर नळीच्या तोंडाएवढं. त्याआधी त्या गाडीचा फिल्टर आणि रिले दोन्ही बदलून झाले होते. टाकी उतरवणं हे घरचं काम आहे का, हे टाकी किती भरलीय आणि तुमच्याकडे उचलायला काय आहे त्यावर ठरतं. एकट्याने भरलेली टाकी उतरवू नका.

इथे थांबा

काही गोष्टी दिसल्या की पान्हा खाली ठेवायचा.

बरणीत किंवा कापलेल्या फिल्टरमध्ये धातूची चमक दिसली तर गाडी अजिबात चालू करू नका. फिल्टरपर्यंत धातू आला याचा अर्थ बहुधा हाय प्रेशर पंप झिजून त्याचा चुरा परतीच्या लाइनने टाकीत उतरलाय. प्रत्येक सेल्फबरोबर तो चुरा आणखी पसरतो. इथे पंप, रेल, इंजेक्टर, टाकी सगळं एकत्र तपासावं लागतं आणि ते डिझेल पंपाचं काम करणाऱ्या वर्कशॉपचंच काम.

टाकीत चुकून पेट्रोल पडलं असेल तर चावी इग्निशनलासुद्धा आणू नका. टाकीतला पंप तेवढ्यानेच ते पुढे पाठवतो. गाडी टो करा.

पंपापासून रेलकडे आणि रेलपासून इंजेक्टरकडे जाणारे लोखंडी पाइप घरी सोडू नका. जुन्या इंजिनांत नट सैल करून हवा काढायची पद्धत होती, ती कॉमन रेलला चालत नाही. आयडललाही तिथे दोन-तीनशे बार प्रेशर असतं, पूर्ण लोडवर दीड-दोन हजारांच्या घरात जातं. डोळ्याला न दिसणारी बारीक धार मोजे आणि कातडी भेदून आत जाते. गळती शोधायला तिथे कधीही हात फिरवू नका. अशी धार लागलीच तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आतलं डिझेल मांस सडवतं. घरी पट्टी बांधून वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा आणि "प्रेशरने डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा.

फिल्टर नवा, हवा नाही, बरणी स्वच्छ आणि तरीही पी००८७ येत असेल, तरीही थांबा. तो कोड फक्त प्रेशर कमी असल्याचं सांगतो, कोणामुळे ते सांगत नाही. पंपावरचा व्हॉल्व्ह, रेलचा सेन्सर, परतीला जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर, यांतलं काहीही असू शकतं. त्यासाठी लोडवर मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर स्कॅनरवर शेजारी शेजारी बघावं लागतं, इंजेक्टरची परती मोजावी लागते.

वर्कशॉपला जाताना डिझेलची बरणी झाकण लावून सोबत न्या, कापलेला फिल्टरही पिशवीत घालून न्या. हातपंप सकाळी कसा लागतो, गाडी किती मिनिटांनी बंद पडते, किती भरल्यावर दम टाकते, हे लिहून द्या. उरलेलं खराब डिझेल आणि चिंध्या मातीत किंवा गटारात टाकू नका. बंद डब्यात भरून तेही तिथेच, जिथे जुनं ऑइल जमा करतात, तिथे द्या.